बसायचे किती?

चंद्रपूरकडच्या मूल गावात बसायला पैसे पडत नाहीत. बसस्थानकाच्या बाकावर, राइस मिलच्या पायरीवर, पानठेल्यासमोर टाकलेल्या फळीवर माणूस वाटेल तितका वेळ बसू शकतो, आणि बसतोही. उलट कोणी न बसता निघाला तर "काहून, रागावला का?" अशी चौकशी होते. मूल-मारोडा स्टेशनवर गाडीचे तिकीट लागते, गाडीची वाट पाहण्याचे लागत नाही. गोंदिया ते बल्लारशा या मार्गावर वाट पाहण्याचा वेळ तर रेल्वेने पिढ्यानपिढ्या सढळ हाताने आणि विनामूल्य वाटला आहे. नॅरोगेजच्या काळात म्हणे गाडीतून उतरून पुन्हा गाडी गाठता येत असे. ब्रॉडगेज आल्यावर ती सोय गेली, पण वाट पाहण्याची राहिली.

त्यामुळे मूलचे एखादे कुटुंब विमानतळावर लाउंजच्या काचेच्या दारासमोर पहिल्यांदा उभे राहते, तेव्हा त्याची अडचण इंग्रजीची नसते. ती तत्त्वाची असते. आत काय आहे? बसायची जागा. आपण आता कुठे बसलो आहोत? बसायच्या जागेवर. मग सहा हजार रुपये कशाचे?

हे कुटुंब कोणते, हे विचारू नये. नमुन्यादाखल घ्यायचे, मूल, सावली, सिंदेवाही या धानाच्या पट्ट्यात ते कुठल्याही गल्लीत सापडेल. आबाजी हाडाचे धानकरी. आजीच्या हाताला डबा भरण्याचा न मोडणारा नाद. मुलगा पगारदार, म्हणजे त्याच्याकडे बँकेने स्वतःहून पाठवलेले कार्ड आहे. सून, आठ वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू. उन्हाळ्याच्या सुट्टीत काश्मीरला जायचे ठरले. घरात एसी बसवायचा की काश्मीर बघायचे, या वादात काश्मीर थोडक्या मतांनी निवडून आले.

मूलहून श्रीनगर गाठायचे तर आधी नागपूर गाठावे लागते. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावे असे नियमित विमान तिथून उडत नाही. राजुऱ्याकडच्या मूर्ती गावच्या नियोजित विमानतळावर कागदांची उड्डाणे बरीच झाली आहेत. तेव्हा गाडी करायची आणि सिंदेवाही, नागभीड, भिवापूर, उमरेड असे करत दीडेकशे किलोमीटर जायचे. वाटेत उमरेड-कऱ्हांडल्याचे जंगल लागते. तिथे वाघ रस्ता ओलांडत असला की सगळ्यांनीच थांबायचे असते. त्याचेही पैसे कोणी घेत नाही. सफारीत घेतात, ते वेगळे.

नागपूरहून संध्याकाळचे विमान रात्री नऊच्या सुमारास दिल्लीला पोचवते. श्रीनगरचे विमान सकाळी सहाला. मध्ये नऊ तास. तिकीट स्वस्त पडले ते या नऊ तासांमुळेच. रुपयांत दिलेली सूट कंपनी तासांत वसूल करते, आणि तासाचा भाव तिकिटावर छापलेला नसतो. बाहेर हॉटेल घ्यावे तर सामान, टॅक्सी, दोन लहान मुले आणि पहाटे साडेतीनला पुन्हा तपासणीची रांग. म्हणजे झोप दोन तासांची आणि भाडे रात्रभराचे. हा पर्याय सुनेनेच निकालात काढला.

आता एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. रात्रभर जागे राहून बसणे ही ज्यांची परंपरागत विद्या आहे, अशा लोकांपुढे विमानतळाने हा पेच टाकला होता. झाडीपट्टीत, म्हणजे याच धानाच्या मुलखात, दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, ही त्याची पंढरी. तिथे नाटक मंडळांची कार्यालये रस्त्याला लागून ओळीने आहेत. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत मंडप पडतो, रात्री दहाच्या पुढे कधीतरी पडदा उघडतो आणि कोंबडे आरवायच्या वेळेला नायिकेचा संसार सुरळीत होतो. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असलेल्या गावात तर दिवसा बैल पाहायचे आणि रात्री नाटक. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रेक्षकांना मात्र अजून काही मिळालेले नाही, आणि खरे पाहता सलग सहा-सात तास थंडीत बसण्याबद्दल त्यांचाही विचार व्हायला हवा.

तिथेही खुर्चीचे तिकीट वेगळे आणि खाली बसायचे वेगळे असते. पण खुर्चीवाल्याला तीन तासांनी कोणी येऊन सांगत नाही की, तुमची वेळ संपली, आता खलनायकाचे काय होते ते बाहेर जाऊन विचारा.

लाउंजचा नियम नेमका तसा आहे. देशांतर्गत विमानतळांवर बहुतेक ठिकाणी एका प्रवेशात दोन किंवा तीन तास बसता येते. शिवाय विमान सुटायच्या आधी ठरावीक तासांतच आत घेणारी लाउंजही आहेत. म्हणजे ज्याला विमानाआधी पाऊणच तास आहे, त्याला तीन तासांचे आदरातिथ्य. ज्याला नऊ तास काढायचे आहेत, त्यालाही तीनच. भूक लागलेल्याला आणि जेवून आलेल्याला सारखेच वाढायचे, असा हा न्याय आहे.

आणि गंमत अशी की, मध्यरात्री विमान बदलण्यासाठी ताटकळणे ही कला देशाला नागपूरनेच शिकवली. १९४९ च्या जानेवारीअखेर, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची विमान टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक डाकोटा निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर उतरत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परत फिरत. संध्याकाळी मद्रासला पेटीत टाकलेले पत्र सकाळी दिल्लीत. थैल्यांच्या सोबतीने थोडे प्रवासीही असत. मुंबईहून कलकत्त्याला निघालेला एखादा व्यापारी अर्ध्या रात्री सोनेगावला उतरून, पाय मोकळे करून, दुसऱ्या विमानात चढे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा मेळा रोज रात्री भरत असे. तेव्हा सगळा देश नागपूरला येऊन थांबायचा. आता नागपूरकडचा माणूस दिल्लीला जाऊन थांबतो. थैल्यांना तरी तासाभरात दुसरे विमान मिळत होते.

लाउंज ही कल्पना त्याहूनही दहा वर्षे जुनी. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडमिरल्स क्लब' उघडला. तिथे पैसे देऊन जाता येत नसे, कंपनीने मानाने बोलवावे लागे. म्हणजे मूळ विचार पाहुण्याला ओसरीवर न ठेवता माजघरात घेण्याचा होता. पुढे साठच्या दशकात, अमुकाला बोलावता आणि तमुकाला का नाही, अशी कुरकुर झाली आणि सभासदत्व पैशाला मिळू लागले. आपल्याकडे हा विचार रेल्वेने आधीच पुरा करून ठेवला होता. पहिल्या वर्गाला आरामखुर्ची आणि आरसा, दुसऱ्याला बाक, आणि तिसऱ्याला मुसाफिरखाना, म्हणजे छप्पर व आपापले गाठोडे. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला. गाठोडे मात्र रद्द झाले नाही. ते आता चाकांवर चालते.

तर रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि कुटुंब दिल्लीच्या टर्मिनल ३ मध्ये बसले आहे. मुलाने खिशातून कार्ड काढून सांगितले की, या कार्डावर आपल्याला लाउंज फुकट आहे.

"आपल्याले म्हंजे कोनाले?" आबाजींनी विचारले.

इथे मुलाचा आवाज उतरला. कार्डावर एकच माणूस. तो स्वतः. बाकीच्यांचे पैसे.

या 'फुकट'चे शास्त्र थोडे समजून घेण्यासारखे आहे. लाउंजच्या दारातली ताई कार्ड यंत्राला लावते आणि खात्यातून दोन रुपये जातात. ते दोन रुपये कार्ड जिवंत आहे की नाही हे पाहण्याचे. आत जाणाऱ्याचे खरे पैसे लाउंजला बँक किंवा कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी देते. मधली व्यवस्था पाहणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्यातली एक तर २०२२ मध्ये शेअर बाजारातही आली, म्हणजे लोकांच्या ताटकळण्यावर लोकांनीच समभाग घेतले. साध्या डेबिट कार्डांवरही हा प्रवेश मिळू लागला तेव्हा लाउंजबाहेर अशी रांग लागली की विमानाच्या रांगेत त्यामानाने कमी वेळ लागावा. रांगेत उभे राहायचे, कशासाठी, तर बसायला मिळावे म्हणून. मग बँकांनी हात आखडला. २०२४ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेने अट घातली की, आधीच्या तिमाहीत कार्डावर ३५ हजार खर्च केले असतील तरच लाउंज फुकट. वर्ष संपण्याआधीच ते ३५ चे ७५ हजार झाले.

पंचाहत्तर हजार कार्डावर खर्च करायचे म्हणजे मूलमध्ये काय काय विकत घ्यायचे, हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. खते घ्यावीत तर दुकानदार कार्ड पाहून दोन टक्के जास्त सांगतो. मुलाने आधीच्या तिमाहीत फ्रीज घेतला होता, म्हणून त्याचा आकडा भरला. म्हणजे आत जी इडली मिळणार होती, तिच्या मागे एक डबल डोअर फ्रीज उभा होता.

आणि उरलेले पाच जण? दीड वर्षाच्या नातवाला पैसे नव्हते, दोन वर्षांखालचे मूल बहुधा फुकट असते. आबाजी, आजी, सून आणि नात, माणशी समजा दीड हजार. सहा हजार, अधिक मुलाचे दोन रुपये.

आबाजींचा हिशोब रुपयांत चालत नाही. रुपये हे त्यांच्या लेखी धानाचे रूपांतर आहे आणि ते रूपांतर कधीच नीट भावाने झालेले नाही. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले.

"अडीच क्विंटल," ते म्हणाले. "अडीच क्विंटल धान देऊन बसाचं?"

"बाबा, जेवणपण आहे त्यात. पाहिजे तितकं."

'पाहिजे तितकं' हा शब्द शेतकऱ्याजवळ जपून वापरावा. आबाजींनी पुढचा हिशोब मांडला. एका माणसाचे दीड हजार म्हणजे त्रेसष्ट किलो धान. गिरणीतून काढला तर शंभराला सदुसष्ट धरून बेचाळीस किलो तांदूळ. तेवढा एका माणसाने तीन तासांत खाल्ला तर बरोबरी. आणि नऊच्या नऊ तास बसायचे म्हटले तर चौघांचे तीन फेऱ्यांचे अठरा हजार. साडेसात क्विंटलांवर. पाऊस बरा झाला तर अर्ध्या एकराचे पीक.

"आन् डबा कायले बांधला मंग म्या?" आजी म्हणाली. तिचा मुद्दा साधा होता आणि त्याला उत्तर नव्हते.

खरे तर कुटुंबाने एकट्या मुलाला दोन रुपयांत आत पाठवून द्यायला हवे होते. हिशोबाने तेच बरोबर होते. पण बायकापोरे बाहेर बसलेली आणि कर्ता माणूस आत जेवतो आहे, हे चित्र मूलला कळले असते तर काश्मीरचे फोटो कोणी पाहिले नसते. शेवटी तडजोड झाली. रात्र बाहेरच काढायची, पोरांना खुर्च्यांवर आडवे करायचे आणि तीन वाजता सगळ्यांनी मिळून आत जायचे. म्हणजे तीन तास पूर्ण वापरता येतील. भाड्याने आणलेला ट्रॅक्टर डिझेल संपेपर्यंत वापरावा, तसे.

त्या चार तासांत आबाजींना माणूस सापडला. तो भंडाऱ्याकडचा, तोही धानकरी, लेकीकडे निघालेला. धानाचा बोनस, तुडतुडा, हत्तींचे नवे कळप आणि वाघ या विषयांवर दोघांचे इतके एकमत झाले की मधूनमधून वाद घालण्यासाठी त्यांना मुद्दाम काहीतरी शोधावे लागले. आजीने डब्यातली एक पुडाची वडी त्यालाही दिली. पुडाची वडी म्हणजे सांबारवडी, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाने लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

तीन वाजता वरात आत गेली.

आतले वर्णन थोडक्यात करता येईल, कारण सगळी लाउंजे एकाच सासरहून आल्यासारखी दिसतात. मंद दिवे, मऊ खुर्च्या, कोणीही न वाचलेली मासिके, कोपऱ्यात कॉफीचे यंत्र आणि त्याच्याशी झुंजणारा एक गृहस्थ. मग ती लांब ओळ. राजमा, जिरा राइस, पास्ता, इडली, पोहे, उपमा, कापलेले टरबूज, मफिन. पहाटे तीन वाजता माणसाच्या पोटाला यातले काहीही नको असते, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगेल. पण डॉक्टरने दीड हजार भरलेले नसतात.

पैसे भरून आत आलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो. कार्डवाला रमतगमत जातो, एखादे खारे बिस्कीट उचलतो, उगाच मोबाइल पाहतो. पैसे भरलेला माणूस ओळीच्या एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकतो, बाजारात बैल निरखावा तसा. मग तो सगळ्यात महाग काय आहे ते मनाशी ठरवतो. काजू. लाउंजमध्ये काजू संपलेले असतात. ते कोणी संपवले, हे पुढच्या टेबलाकडे पाहिले की समजते. दुसऱ्या फेरीला तो पास्ता घेतो, जो त्याला आवडत नाही. तिसऱ्या फेरीला मफिन, जो कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत जातो. बाहेरचे खाणे आत आणू नये अशी पाटी असते. आतले बाहेर नेऊ नये असे बहुधा तोंडी सांगतात, आणि सांगणारा त्या वेळी दुसरीकडे पाहत असेल तर बरे.

आजीने पोहे घेतले. नागपूर-चंद्रपूरकडे पोह्यांवर तर्री असते, निदान सांबार तरी भुरभुरतात. हे पोहे कोरडे आणि फिकट होते. तिने वाढणाऱ्या पोराला विचारले, "सांबार आहे का?" पोराला अत्यानंद झाला. त्या रात्री त्याच्याशी कोणी त्याला कळेल असे बोलले असावे ते पहिल्यांदाच. त्याने मोठी पळी भरून वाफाळते सांबार पोह्यांवर ओतले. आजी त्या ताटलीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पैसे देऊन बुडवले."

आबाजींनी जिरा राइसचे एक शीत बोटांत घेऊन दाबले.

"बासमती," ते म्हणाले, तक्रारीच्या सुरात.

त्यांच्या भागाचा तांदूळ एचएमटी. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी निराळे ठेवले आणि वर्षानुवर्षे निवडत नेले. त्यातून बारीक दाण्याचे, भरपूर उतरणारे वाण तयार झाले. त्या काळी एचएमटीची मनगटी घड्याळे लोकांच्या डोळ्यांत भरत, म्हणून या धानालाही तेच नाव पडले. दादाजी २०१८ मध्ये वारले. घड्याळाच्या कंपनीने घड्याळे करणे त्याआधीच थांबवले होते. तांदूळ अजून चालू आहे. ज्याच्या ताटात रोज घड्याळाच्या नावाचा भात असतो, त्या माणसाला दारातल्या ताईने चिठ्ठीवर वेळ लिहून दिली होती: आत ३:०४, बाहेर ६:०४. विमानच सहाला होते, ही गोष्ट कोणी विचारात घेतली नव्हती. दारे बंद व्हायची वेळ धरली तर सव्वापाचलाच उठायचे. म्हणजे तीन तासांतले पाऊण तास लाउंजलाच दान. पाऊण तास म्हणजे माणशी पंधरा-सोळा किलो धान. आबाजींनी हा हिशोब कोणाला सांगितला नाही, फक्त उठून आणखी एक केळे घेऊन आले.

सुनेचा हिशोब मात्र वेगळा निघाला. तिने आत आल्यावर काहीही खाल्ले नाही. बाळाचे लंगोट बदलायला स्वच्छ जागा मिळाली, गरम पाणी मिळाले, दूध कोमट करून देणारा माणूस मिळाला. बाळ रुंद सोफ्यावर झोपले. नात दुसऱ्या सोफ्यावर, हातात अर्धा मफिन. नवरा फोन चार्जिंगला लावून त्याच्या शेजारीच स्वतःलाही लावल्यासारखा पडला. सासूबाई पोह्यांशी भांडत होत्या. मूल सोडल्यापासून पहिल्यांदाच चाळीस मिनिटे तिच्याकडे कोणी काही मागितले नाही. तिने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. लाउंजच्या बाजूने बोलायचे झाले तर या चाळीस मिनिटांइतके भक्कम दुसरे काही बोलता येणार नाही. लहान मूल सोबत असेल, रात्र असेल आणि वेळ नीट साधली तर पैसे अगदीच पाण्यात जात नाहीत. दोन तासांच्या थांब्याला, दिवसाढवळ्या, पोट भरलेले असताना लाउंज घेणारा माणूस मात्र वेगळ्या कारणाने आत जातो, आणि ते कारण खुर्चीत नसते, तर दारात असते. ते दार इतरांसाठी बंद असते.

आबाजींना झोप लागेना. खुर्ची इतकी मऊ की तीत बसलेल्या माणसाला उठताना मदत लागावी. त्यांनी शेजारच्या गृहस्थाकडे पाहून घसा साफ केला. गृहस्थाने कानांतली बटणे घट्ट केली. पलीकडे एक बाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर निळा उजेड आणि नाइलाज. जितकी माणसे तितकी बेटे. बाहेर चार तासांत भंडाऱ्याच्या माणसाच्या सात पिढ्या सांगून झाल्या होत्या, इथे शेजाऱ्याचे गाव कळेना. बेचाळीस किलो तांदळाच्या भावात न बोलण्याचीही किंमत धरलेली असावी.

पावणेपाचला ते उठले आणि दाराकडे निघाले.

"बाबा, कुठे?" मुलगा अर्धवट झोपेत म्हणाला. "एकदा बाहेर गेलं की परत घेत नाहीत."

"नको घेऊ दे."

पंधराशे रुपये भरलेले आबाजी पुन्हा बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर, भंडाऱ्याच्या माणसाशेजारी जाऊन बसले. हातात केळे होते, ते त्यांनी अर्धे करून दिले. बोलणे जिथे तुटले होते तिथूनच सुरू झाले, हत्तींपासून.

सव्वापाचला बाकीचे बाहेर आले. आजीच्या पिशवीत दोन मफिन आणि साखरेच्या पुड्या होत्या. चहात ती साखर घालत नाही. विमानात चढण्याआधी तिने डबा उघडला. घडीच्या पोळ्या, जवसाची कोरडी चटणी, उरलेल्या वड्या. सगळ्यांनी खाल्ले, मुलानेही, ज्याने तासाभरापूर्वी दोन ताटल्या राजमा वसूल केला होता. त्याला विचारले तर तो सांगेल की तेव्हा भूक नव्हती, आता लागली.

काश्मीरबद्दल इथे लिहायचे कारण नाही. बर्फ होता, शिकारा होता, फोटो आहेत.

या सगळ्यात सरकारच्या नजरेस एक गोष्ट उशिरा का होईना पडली आहे. विमानतळावर माणसाला लाउंज नको असते, चहा हवा असतो, आणि त्या चहाच्या दोनशे रुपयांत गावाकडे आठवडाभराचे दूध येते. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला. चहा दहा रुपये, पाण्याची बाटली दहा, समोसा वीस. नंतर चेन्नईसह आणखी ठिकाणी तो पोचला. पहिल्या दिवसापासून तिथे रांगा लागल्या. दहा रुपयांच्या चहासाठी सूटबूट घातलेली माणसे उभी राहतात आणि एकमेकांशी बोलतातही, असे म्हणतात. रांगेत बोलण्याला वेगळे पैसे नाहीत.

परतीचे विमान सुदैवाने सरळ जुळले. दिल्लीत सव्वा तास. कोणी लाउंजचे नाव काढले नाही. मुलाने खिशातले कार्ड चाचपले, एवढेच. नागपूरला उतरेपर्यंत रात्र झाली होती. गाडी सोनेगावहून उमरेडच्या रस्त्याला लागली. भिवापूर मागे पडले. पोरे झोपली. नागभीडला एक ठेला उघडा दिसला आणि ड्रायव्हरने न विचारताच गाडी बाजूला घेतली. बाहेर लाकडी बाक, वर एक पिवळा दिवा, त्याभोवती किडे.

आबाजी उतरून बाकावर बसले. पाठीला टेकण नव्हते. त्यांनी पाय लांब केले, हातपाय ताणले आणि चहाचा पहिला घोट घेऊन डोळे मिटले. ठेलेवाल्याने विचारले, कुठून येऊन राहिले? मग कुठून आले, का गेले, तिकडे थंडी किती, तांदूळ कसला खातात, हे सगळे झाले. अर्धा तास गेला असेल. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

आबाजींनी उठता उठता खिशात हात घातला.

"चहाचे किती?"

"दहा."

"आन् बसाचे?"

ठेलेवाला गाळणी हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिला. मग गाडीत बसलेल्या मुलाकडे. मुलगा दुसरीकडे पाहू लागला.